अँसेल्मच्या वाक्यातला स्वल्पविराम कुणाचा? देवाच्या अस्तित्वावरची मध्ययुगीन हस्तलिखितं घरबसल्या कशी वाचायची

अकराव्या शतकातला ख्रिस्ती संन्यासी अँसेल्म, त्याचा देवाच्या अस्तित्वाचा युक्तिवाद बऱ्याच जणांनी कॉलेजात नाहीतर यूट्यूबवर ऐकलेला असतो. ज्याहून मोठं काही मनात आणताच येत नाही तो देव, आणि असं काही नुसतं डोक्यातच असेल तर त्याहून मोठं काहीतरी मनात आणता येईल, म्हणजे घोळ झाला, म्हणून ते प्रत्यक्षातही असलंच पाहिजे. ऐकल्यावर कुणी म्हणतं काय भारी आहे, कुणी म्हणतं ही सरळसरळ हातचलाखी आहे, आणि मग चहा गार होईपर्यंत वाद. मीही त्यातलाच. पण ज्या पानावर हे लिहिलंय ते पान दिसतं कसं, हे बघायचं कित्येक वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि बघायला लागलो तेव्हा कळलं की ज्या वाक्यावर आपण एवढे भांडतो त्यातला एक स्वल्पविराम छापणाऱ्यांनी टाकलेला आहे आणि तो काढला तर वाक्याचा अर्थच वेगळा होतो. हा लेख त्या एका वाक्यापर्यंत कसं पोचायचं त्याबद्दल आहे. रस्ता कळला की बाकीच्या ग्रंथांनाही तोच वापरता येतो.

सुरुवात कुठून करायची तर एकच ग्रंथ आणि त्यातला एकच अध्याय घ्यायचा. मी सुचवेन अँसेल्मच्या ‘प्रोस्लोगिओन’चा दुसरा अध्याय, वरचा युक्तिवाद तिथेच आहे. पूर्ण पुस्तकात २६ छोटे अध्याय आहेत, आणि हा दुसरा छापील एका पानाचा जेमतेम. अँसेल्म तेव्हा नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात होता, साल १०७७-७८, कँटरबरीचा आर्चबिशप तो नंतर झाला, १०९३ मध्ये. बरेच जण उत्साहात थेट तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसकडे जातात, त्याच्या ‘सुम्मा थिओलोजिए’तले देव सिद्ध करायचे पाच मार्ग वगैरे, पण तिथे हस्तलिखितांचं जंगल आहे, शब्द भयंकर आखूड करून लिहिलेले असतात आणि नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात पळून जातो. अँसेल्मची लवकरची हस्तलिखितं बाराव्या शतकातली, अक्षर गोल, सुटं, मोकळं. मोडीच्या वर्गाला बसलेल्यांना फरक लगेच कळेल, सुवाच्य मोडीवर हात बसल्याशिवाय घाईघाईत खरडलेल्या चिठोऱ्यांना कुणी हात घालत नाही, तसंच हे.

लॅटिन किती यायला पाहिजे? सगळं व्याकरण आलं पाहिजे असं अजिबात नाही, पण विभक्ती ओळखता आल्या पाहिजेत, आणि संस्कृतचे शाळेतले १०० मार्क इथे खरंच कामाला येतात. एक गंमत सांगतो. अँसेल्मचं ते प्रसिद्ध सूत्र आहे ‘आलिक्विद क्वो निहिल मायुस कोगितारी पोस्सित’. यातल्या ‘क्वो’चं इंग्रजी करताना लोकांची दमछाक होते, मराठीत ते एका प्रत्ययात बसतं, ‘ज्याहून’. ज्याहून मोठं काहीच मनात आणता येणार नाही असं काहीतरी. तुलनेची पंचमी आपल्याकडे जिवंत आहे, तर तिचा फायदा घ्या आणि इंग्रजी भाषांतराच्या आधाराने मराठी करत बसू नका. सूत्रातलं क्रियापद ‘कोगितारे’, त्यासाठी मी ‘कल्पना करणं’ टाळतो, कारण कल्पना म्हटलं की डोळ्यासमोर चित्र येतं आणि अँसेल्मला चित्र नकोय, विचार हवाय.

आता हस्तलिखित शोधायचं कसं. इथे आधी गुगल करू नका, आधी छापील चिकित्सक आवृत्ती गाठा. भांडारकर संस्थेच्या महाभारताची आवृत्ती ज्यांनी उघडून बघितलीय त्यांना हा प्रकार माहीत असतो, वर मूळ संहिता आणि खाली बारीक अक्षरात पाठभेद, कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या खुणांसकट. अँसेल्मसाठी हे काम एफ. एस. श्मिट नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने केलं, सहा खंड, १९३८ ते १९६१, आणि प्रोस्लोगिओन पहिल्याच खंडात आहे, दुसरा अध्याय पान १०१ वर. सुरुवातीला त्याने वापरलेल्या हस्तलिखितांची यादी असते, प्रत्येकाला एक अक्षर दिलेलं, ती यादी वहीत उतरवून घ्या. हा खंड हाताशी नसेल तर मीन्यच्या ‘पात्रोलोजिया लातिना’चा, म्हणजे लॅटिन ख्रिस्ती ग्रंथांच्या मोठ्या छापील मालिकेचा, १५८ वा खंड नेटवर फुकट मिळतो, पण तो १६७५ च्या जुन्या आवृत्तीवरून छापलेला आहे, वाचायला ठीक, विसंबायला नाही.

यादीतलं एक महत्त्वाचं नाव म्हणजे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातलं ‘बोडली २७१’. कँटरबरीच्या ख्राइस्ट चर्च मठातलं, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, अँसेल्मचे ग्रंथ एकत्र केलेला मोठा संग्रह, म्हणजे त्याच्याच घरची प्रत म्हणा ना. हे जे ‘बोडली २७१’ आहे त्याला शेल्फमार्क म्हणतात, हस्तलिखिताचं आधार कार्डच ते, त्याच्याशिवाय काहीही नोंदवायचं नाही. शेल्फमार्क हातात आला की मग त्या त्या ग्रंथालयाच्या साइटवर जायचं: ऑक्सफर्डसाठी डिजिटल बोडलियन, पॅरिससाठी गॅलिका, व्हॅटिकनसाठी डिजिवॅटलिब, स्वित्झर्लंडसाठी ई-कोडिसेस, केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजसाठी पार्कर ऑन द वेब. सगळं फुकट. यादीतल्या प्रत्येक हस्तलिखिताचे फोटो पूर्ण मिळतीलच असं धरून चालू नका, जे मिळेल त्यावर काम करा. कॅटलॉगमध्ये नाव लॅटिनमध्ये टाका, ‘आन्सेल्मुस कान्तुआरिएन्सिस’ असं, नुसत्या अँसेल्मने निम्मी हस्तलिखितं सापडत नाहीत कारण लाओनचा अँसेल्म वेगळा, लुक्काचा वेगळा.

आणि एक सावधगिरी, ही मी पैसे नाही पण अख्खा रविवार भरून शिकलोय. अँसेल्मच्या नावावर नंतरच्या लोकांनी ढिगाने प्रार्थना आणि चिंतनं खपवलेली आहेत. मी एका हस्तलिखितात वर अँसेल्मचं नाव बघितलं, देवाला उद्देशून लिहिलेलं दिसलं, म्हटलं सापडलं, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत दोन पानं उतरवली. रात्री ओळी जुळवायला बसलो तर प्रोस्लोगिओनशी एक वाक्य जुळेना. भलत्याच कुणाची तरी प्रार्थना होती. बायको म्हणाली पुण्य तरी लागलं असेल. तेव्हापासून नियम असा की आधी आरंभाचे शब्द जुळवायचे, मगच पेन उचलायचं.

पान उघडलं की वाचायला जाऊ नका, आधी नुसतं बघा. हे चर्मपत्र आहे, वासराचं, मेंढीचं नाहीतर बकरीचं कातडं. केसांची बाजू थोडी पिवळट, कधी कधी केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात, मांसाची बाजू जास्त पांढरी. पानं अशी दुमडलेली असतात की उघडल्यावर समोरासमोर सारखीच बाजू येते, केसांसमोर केस. मध्येच एका जागी पिवळ्यासमोर पांढरं दिसलं तर थांबा, तिथलं पान फाडलेलं किंवा नंतर घातलेलं असू शकतं. फोटोत हे नेहमी कळतंच असं नाही, पण बघायची सवय ठेवा.

पानांचे आकडेही आपल्यासारखे नसतात. इथे पान म्हणजे फोलिओ, त्याची पुढची बाजू रेक्टो आणि मागची व्हर्सो. साइटवर ‘इमेज ४७’ असं दिसतं ते फोलिओ ४७ नव्हे! कव्हर, कोरी पानं, रंगपट्टी सगळं धरून तो आकडा असतो. पहिल्या वहीत मी सगळे इमेज नंबरच लिहिले होते आणि साइटचं डिझाइन बदलल्यावर माझ्या नोंदी म्हणजे रद्दी झाली. शेल्फमार्क, फोलिओ, रेक्टो की व्हर्सो, कितवी ओळ, एवढं प्रत्येक नोंदीला हवंच.

मग अध्याय शोधायचा. मथळे लाल शाईत असतात, आपल्या पोथ्यांत हिंगुळाने लिहितात तसेच, आणि अध्यायाचं पहिलं अक्षर मोठं, रंगीत. दुसऱ्या अध्यायाचा मथळा आहे ‘क्वोद वेरे सित देउस’, देव खरोखरच आहे हे. तो सापडेना तर ‘इन्सिपिएन्स’ हा शब्द शोधा, म्हणजे मूर्ख. स्तोत्रसंहितेतला तो मूर्ख, जो मनातल्या मनात म्हणतो की देव नाही, तो याच अध्यायात येतो आणि पानावर तो शब्द पटकन डोळ्यात भरतो.

खरं काम इथून पुढे. उतरवून घेणं. वाचून समजलं म्हणून पुढे जायचं नाही, ओळीला ओळ, अक्षराला अक्षर, जसं दिसतं तसं लिहायचं आणि लेखनिकाने गाळलेली अक्षरं आपण भरली तर ती कंसात टाकायची. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या तरी खूप. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे उभ्या दांड्या: आय, एन, एम, यू ही सगळी अक्षरं त्याच छोट्या उभ्या रेघांनी बनतात, आय वर टिंब नसतं, त्यामुळे ‘मिनिमुम’ असा शब्द आला तर नुसतं कुंपण दिसतं. दांड्या मोजायच्या, दुसरा उपाय नाही. यू आणि व्ही हे तर एकच अक्षर आहे. कँटरबरीच्या त्या काळच्या वळणाला तर तज्ज्ञ मंडळी ‘काटेरी’ म्हणतात, अक्षरांची टोकं खरंच बाभळीच्या फांदीसारखी दिसतात, पण वाचायला ते वाटतं तितकं वाईट नाही.

दुसरी अडचण संक्षेपांची, आणि ही खरी मजेची. कातडं महाग, हात दुखतो, म्हणून लेखनिक शब्द आखडतात. डी आणि एस वर आडवी रेघ म्हणजे ‘देउस’, देव. एन वर रेघ म्हणजे ‘नोन’, नाही. दोन ई आणि वर रेघ म्हणजे ‘एस्से’, असणं. म्हणजे ज्या शब्दांवर अख्खं तत्त्वज्ञान उभं आहे, देव, नाही, असणं, तेच शब्द सगळ्यात आखूड लिहिलेले! पी च्या खालच्या दांडीला छेद दिला की ‘पेर’, त्याच पी ला डावीकडे वळसा दिला की ‘प्रो’. जी वर छोटा ओ काढला तर ‘एर्गो’, छोटा आय काढला तर ‘इगितुर’, दोन्हीचा अर्थ ‘म्हणून’, पण उतरवताना चुकलात तर पाठभेद म्हणून भलतंच नोंदवाल. शब्दाच्या शेवटी नऊच्या इंग्रजी आकड्यासारखी खूण म्हणजे ‘उस’, तर ‘मायुस’ तसा दिसू शकतो. ‘निहिल’ शोधताय आणि सापडत नाही? बऱ्याच ठिकाणी तो ‘निखिल’ लिहिलेला असतो, मध्ये सी घालून. आपल्याकडे निखिल म्हणजे सगळं, तिकडे काहीच नाही. संक्षेपांसाठी आद्रियानो कापेल्लीचा कोश आहे, पहिली आवृत्ती १८९९, १४,००० च्या आसपास खुणा, नेटवर फुकट, तो एका टॅबमध्ये कायम उघडा ठेवा.

आजकाल ट्रान्सक्रिबससारखी सॉफ्टवेअर हस्ताक्षर आपोआप वाचतात. वापरा, पण पहिली २० पानं तरी हाताने करा, नाहीतर मशीन चुकलं कुठे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता ते वाक्य. ‘सी एनिम वेल इन सोलो इन्तेल्लेक्तू एस्त, पोतेस्त कोगितारी एस्से एत इन रे, क्वोद मायुस एस्त.’ छापील पुस्तकात शेवटच्या तीन शब्दांआधी स्वल्पविराम असतो, काही ठिकाणी अर्धविराम. तसं वाचलं तर अर्थ असा: ते जरी नुसतं बुद्धीत असेल, तरी ते प्रत्यक्षातही आहे असा विचार करता येतो, आणि हे अधिक मोठं. म्हणजे असणं हे न असण्यापेक्षा मोठं, असणं हा जणू एक गुण, आणि मग अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट येऊन म्हणतो की असणं हा गुणच नव्हे, आणि सगळा डोलारा कोसळतो. पण एलिझाबेथ अँस्कम या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी १९८५ मध्ये म्हटलं की तो स्वल्पविराम काढून टाका. मग वाचा: ते जर नुसतं बुद्धीतच असेल, तर त्याहून मोठं जे आहे ते प्रत्यक्षातही आहे असा विचार करता येतो. आता असणं हा गुण आहे असं या वाक्यात कुणी म्हणतच नाही! कांटचा बाण शेजारून जातो. युक्तिवाद बरोबर ठरला असं नाही, पण तो वेगळा झाला. मला स्वतःला अँस्कमबाईंचं वाचन जरा ओढून ताणून वाटतं, कारण अँसेल्म पुढे त्याच्यावर आक्षेप घेणाऱ्या गोनिलोला उत्तर देताना ज्या पद्धतीने बोलतो त्यात पहिला अर्थ जास्त सरळ बसतो, पण हे तुम्ही तुमचं ठरवा.

आणि ठरवायचं तर पान बघायला लागतं. त्या काळी आजच्यासारखा स्वल्पविराम नव्हता, होते ते ठिपके. ओळीवर किंवा जरा वर साधा ठिपका, आणि दुसरी एक खूण, ठिपका आणि त्याच्यावर तिरकी शेपटी, अर्धविराम उलटा केल्यासारखी, तिला ‘पुंक्तुस एलेवातुस’ म्हणतात, वाक्य अजून संपलं नाही पण इथे श्वास घ्या अशा अर्थाची. या खुणा मोठ्याने वाचणाऱ्यासाठी होत्या, व्याकरणासाठी नव्हे. त्यामुळे ‘रे’ आणि ‘क्वोद’ यांच्या मध्ये ठिपका आहे का, कुठल्या उंचीवर आहे, शाई तीच आहे की कुणी नंतर वेगळ्या शाईने टोचलाय, हे सगळं झूम करून बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. हो, चित्र. ‘ठिपका आहे’ एवढं लिहिलं तर महिन्याभराने स्वतःलाच शंका येते. मग त्याच पानावरच्या आणखी दहा वाक्यांत हा लेखनिक ठिपका कुठे देतो ते तपासा. जो प्रत्येक चार शब्दांवर ठिपका देतो त्याच्या एका ठिपक्याला काय किंमत? कंजूष लेखनिकाने दिला तर मात्र लक्ष द्या. आणि एकाच प्रतीवर थांबायचं नाही, निदान तीन प्रतींत तेच वाक्य बघायचं, शक्यतो वेगवेगळ्या मठांतल्या, कारण एकावरून दुसरी उतरवलेली असेल तर दोन साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार.

इथे लोक विचारतात की अँसेल्मच्या हातची प्रत बघितली की प्रश्न मिटला ना? त्याबाबतीत एडमरने सांगितलेला किस्सा वाचाच. एडमर हा अँसेल्मचा शिष्य आणि चरित्रकार, त्याच्या स्वतःच्या हातचं हस्तलिखित केंब्रिजला आहे, कॉर्पस क्रिस्टी कॉलेज, क्रमांक ३७१, पार्करच्या साइटवर बघायला मिळतं. तो सांगतो की युक्तिवाद सुचल्यावर अँसेल्मने तो मेणाच्या पाट्यांवर लिहिला आणि मठातल्या एकाकडे सांभाळायला दिला. काही दिवसांनी मागितला तर पाट्या गायब. सगळ्यांना विचारलं, कुणाला काही माहीत नाही. पुन्हा दुसऱ्या पाट्यांवर लिहिलं, नीट ठेवायला सांगितलं, त्या माणसाने पलंगाजवळ ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर जमिनीवर तुकडे, मेण इकडे तिकडे विखुरलेलं. ते तुकडे जुळवून अँसेल्मने कसाबसा मजकूर परत मिळवला आणि मग देवाचं नाव घेऊन चर्मपत्रावर उतरवायला लावला. म्हणजे आपल्यापर्यंत जे आलंय त्याच्या मुळाशीच तुकड्यांवरून जुळवलेली प्रत आहे.

प्रस्तावनाही सोडू नका. अँसेल्म तिथे सांगतो की पुस्तकाचं आधीचं नाव ‘फिदेस क्वेरेन्स इन्तेल्लेक्तुम’ होतं, समज शोधणारी श्रद्धा, आणि लिऑनच्या आर्चबिशपने सांगितलं म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं. त्याच्या आधीच्या पुस्तकात, ‘मोनोलोगिओन’मध्ये, तर तो प्रत उतरवणाऱ्यांना अक्षरशः विनवतो की ही प्रस्तावना अध्यायांच्या यादीच्या आधी घाला. ऐकलं का त्यांनी? दोन मिनिटात तपासता येतं आणि लेखनिक किती आज्ञाधारक होता याचा अंदाजही येतो.

ज्यांना पुढे अक्वायनसच करायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. त्याच्या ‘सुम्मा कोन्त्रा जेन्तिलेस’चा त्याच्या हातचा बराच भाग व्हॅटिकनमध्ये आहे, ‘वात. लात. ९८५०’. बघून घ्या, पण वाचायची हिंमत करू नका, त्याच्या अक्षराला जुन्या लोकांनीच ‘न कळणारी लिपी’ असं नाव ठेवलेलं आहे. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन बरं.

कधी प्रत्यक्ष ग्रंथालयात जायचा योग आला, परदेशात शिकायला किंवा नोकरीला असाल तर जमतंही, तर महिनाभर आधी ईमेल करून परवानगी काढा आणि नेमकं हेच हस्तलिखित का, फोटोवर का भागत नाही, ते दोन ओळीत लिहा. ठिपक्याची शाई बघायचीय हे चांगलं कारण आहे. आत फक्त पेन्सिल, आणि सिनेमात दाखवतात ते पांढरे हातमोजे बहुतेक ठिकाणी घालूच देत नाहीत, स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरतात, मोज्याने उलट पान फाटायची भीती जास्त.

आणि प्रोस्लोगिओन संपलं म्हणून टॅब बंद करू नका, पुढची पानं उलटा. मारमूतिएच्या मठातल्या गोनिलो नावाच्या संन्याशाने यावर आक्षेप घेतला होता, तोच तो हरवलेल्या बेटाचा दाखला, सगळ्यात उत्तम बेट मनात आणलं म्हणून ते समुद्रात असेल का असा. एडमर सांगतो की अँसेल्मने तो आक्षेप आणि स्वतःचं उत्तर दोन्ही आपल्या पुस्तकाच्या शेवटी जोडायला सांगितलं. विरोधकाला आपल्याच पुस्तकात जागा. तर तिथला लाल मथळा शोधा, ‘क्विद आद हेक रेस्पोन्देआत क्विदाम प्रो इन्सिपिएन्ते’, मूर्खाच्या वतीने कुणीएक याला काय उत्तर देईल ते. ‘क्विदाम’, कुणीएक, नाव नाही. तुमच्या प्रतीत कुणी समासात गोनिलोचं नाव लिहिलंय का, लिहिलं असेल तर कुठल्या हाताने आणि किती नंतर, हे फोलिओ नंबरासकट वहीत टाका.